कुंपणाच्या अलीकडून : सरकारी गुपिते आणि त्यांच्या मागावरची कला

नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटले की वर्तमानपत्र कुणाच्या मनातही येत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. त्यापूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीकडून बोटीने येत आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यातून. आज तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट, नोटा असा पुष्कळसा भरवशाचा कागद या भिंतींआड छापला जातो. फाटकावर पहारा, येताजाता झडती. तरी प्रेस हे नाशिकचे गुपित नाही. प्रेसमध्ये लागलेल्या मुलाचा भाव स्थळे बघताना कसा वधारायचा, हे जुन्या नाशिकरोडकरांना विचारावे. आत काय छापतात ते सगळ्या गावाला ठाऊक. नेमके कसे छापतात ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. आकडे छापायची शाई कशी बनते हे मला सहज कळू लागले, तर ते बनावट नोटा छापणाऱ्यालाही तितकेच सहज कळेल, आणि मग माझ्या खिशातली नोट कुणी हातात धरणार नाही.

शहराच्या एका अंगाला देवळालीत तोफखान्याचे स्कूल आहे, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, गांधीनगरला लष्करी वैमानिकांचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण. बाहेरच्यांना नाशिक माहीत असते ते द्राक्षे, गोदाघाट आणि कुंभमेळ्यामुळे. इथला माणूस मात्र फोटो काढायला मनाई करणाऱ्या पाटीशेजारून रोज कामाला जातो आणि ती पाटी वाचत नाही. ज्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून देण्यासाठी हे लिहितो आहे, त्याचा उंबरठा इथे असावा हे म्हणूनच मला सोयीचे वाटते.

क्षेत्र तसे नवे आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही छायाचित्रकार, चित्रपटकार, भूगोलज्ञ, वास्तुविशारद आणि पत्रकार एकमेकांच्या हद्दीत शिरून एकच काम करू लागले. सरकार जे लपवते ते कुठे, कोणत्या साधनांनी आणि कुणाच्या पैशाने लपवते, हे पाहायचे आणि पाहण्याजोगे करून दाखवायचे. त्याला अजून पक्के नाव नाही. कलेच्या विभागात गेलात तर ही पत्रकारिता म्हणून हात झटकतात, आणि पत्रकारितेच्या विभागात कला म्हणून. भूगोलाचे लोक त्यातल्या त्यात मोकळे. विद्यार्थ्यांनी यामुळे नाउमेद होऊ नये. विषयाला घर नसले की त्यात चांगले भाडेकरू येतात.

आत शिरताना एक प्रश्न मात्र बरोबर घ्यावा: हे गुपित नेमके कुणापासून राखलेले आहे? ‘काय लपवले आहे’ हा प्रश्न जास्त रोमांचक, पण त्याचे उत्तर बहुधा मिळत नाही आणि मिळाले तर निराशाजनक निघते. ‘कुणापासून’ हा प्रश्न विचारला की चित्र पालटते. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वर्षानुवर्षे त्यांचा ‘गोपनीय अहवाल’ साहेबांना माहीत, साहेबांच्या साहेबांना माहीत, आस्थापना शाखेतल्या कारकुनालाही माहीत. ज्याच्याबद्दल लिहिला आहे त्याला तेवढा माहीत नसे. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. तोवर, प्रतिकूल शेरे सोडले तर, ‘सीआर’ हे एकाच माणसापासून राखलेले गुपित होते.

आता नाशिकरोडच्याच एका कागदाकडे बारकाईने पाहू. निवडणूक रोख्यांची योजना २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झाली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घ्यायचे आणि हव्या त्या पक्षाला द्यायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नाही. कुणी कुणाला दिले हे मतदाराला कळणार नाही, ही त्या योजनेतली उणीव नव्हती, वैशिष्ट्य होते. हे रोखे छापले जात नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा यांच्यासारख्यांनी माहितीच्या अधिकारात चिकाटीने अर्ज केले, तेव्हा हेही बाहेर आले की छपाईचा आणि बँकेच्या दलालीचा खर्च सरकार उचलत होते, म्हणजे आपण उचलत होतो.

एप्रिल २०१८ मध्ये ‘द क्विंट’च्या पत्रकार पूनम अगरवाल यांनी एकेक हजाराचे दोन रोखे विकत घेतले आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासून घेतले. साध्या उजेडात रोख्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काही दिसत नाही. अतिनील दिव्याखाली धरला की तिथे अक्षरे आणि आकडे उमटतात, प्रत्येक रोख्यावर वेगळे. दिवा काही दुर्मीळ नव्हे. नोट खरी की खोटी हे बघायला बँकेच्या काउंटरवर असतो तसाच. मला हा प्रकार या क्षेत्राचा एक नमुना वाटतो, जरी तो कोणत्याही कलादालनात लागलेला नाही. वस्तू सरकारने स्वतःच विकलेली, विकत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, दिवा बाजारात मिळणारा. फक्त तो त्या कागदावर धरून पाहावा असे एका माणसाला सुचले. त्यातून निघालेले छायाचित्र कुणाचा चेहरा दाखवत नाही, कुठला सौदा दाखवत नाही. एक अंधारा कागद आणि त्यावर चमकणारी ओळ, बस्स.

अर्थ मंत्रालयाने तेव्हा खुलासा केला की हा क्रमांक सुरक्षेसाठी आहे, बँक तो देणाऱ्याच्या वा पक्षाच्या नावासमोर नोंदवत नाही, म्हणून त्यावरून माग काढता येणार नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने योजनाच घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर बँकेने सुरुवातीला याद्या दिल्या त्या क्रमांकांशिवाय. १८ मार्चला न्यायालयाने क्रमांकांसह सगळे द्या असे बजावले आणि २१ मार्चला ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आले. रोखा घेणारा आणि वटवणारा पक्ष यांची जोडी लागली ती त्याच अदृश्य ओळीने. म्हणजे क्रमांक बनावट रोखे रोखण्यासाठी होता हे खरे, आणि तो बँकेच्या दफ्तरात होता हेही खरे. ज्याच्या डोळ्यांना तो दिसू नये अशी रचना होती तो फक्त मतदार. नोटेची शाई आणि रोख्याची शाई एकाच आवारातली. पहिली माझ्यासाठी लपवलेली, दुसरी माझ्यापासून. हा भेद धरून ठेवला तर पुढची सगळी उदाहरणे आपोआप जागेवर बसतील.

जगात या क्षेत्राचे सर्वांत परिचित नाव अमेरिकन कलावंत ट्रेव्हर पॅग्लन यांचे. त्यांची डॉक्टरेट भूगोलातली, बर्कलीची, आणि त्यांच्या कामाची गोम भूगोलातच आहे. गुपित हवेत तरंगत नाही, त्याला जमीन लागते. जमिनीला कुंपण लागते, कुंपणाला राखणदार, राखणदाराला पगार, पगाराला अंदाजपत्रकातली ओळ. कुंपण जितके लांब, तितकी ते बाहेरून दिसण्याची ठिकाणे जास्त. अमेरिकेच्या वाळवंटातले लष्करी तळ इतके आत ठेवलेले असतात की कुठल्याही सार्वजनिक जागेवरून ते नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत. पॅग्लन यांनी खगोलप्रेमी वापरतात त्या दुर्बिणीला कॅमेरा जोडला आणि लांबच्या डोंगरांवरून फोटो काढले. युटामधल्या डगवे इथल्या रासायनिक व जैविक शस्त्रांच्या चाचणीक्षेत्राचे २००६ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच्या शीर्षकातच लिहिले आहे: अंतर सुमारे ४२ मैल. म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर. नाशिकच्या टेकडीवर उभे राहून कसाऱ्याच्याही पलीकडचे काही टिपण्यासारखे. मधल्या तापलेल्या हवेने सगळे वितळल्यासारखे झाले आहे. इमारत कुठली आणि मृगजळ कुठले, हे शपथेवर सांगता येणार नाही.

ही चित्रे पहिल्यांदा पाहिली की विद्यार्थी चिडतात. एवढी दुर्बीण लावून शेवटी दिसले काय, असे विचारतात. चीड रास्त आहे. पण फोटो स्वच्छ आला असता तर आपण चार शेड आणि एक पाण्याची टाकी पाहून पुढे गेलो असतो. धूसरपणा अंतराचा आहे, आणि ते अंतर कुणीतरी ठरवून आखलेले आहे. पॅग्लन त्या आखणीचा फोटो काढतात.

त्यांची बाकीची कामेही याच मार्गाची. सीआयए माणसे उचलून गुप्तपणे परदेशांत नेत असे, त्या विमानांचा माग त्यांनी पत्रकार ए. सी. थॉम्पसन यांच्याबरोबर २००६ च्या पुस्तकात काढला. त्यात मोठा वाटा होता विमानतळाबाहेर उभे राहून शेपटीवरचे क्रमांक वहीत टिपून ठेवणाऱ्या हौशी मंडळींचा. गुप्त उपग्रहांची छायाचित्रे हौशी आकाशनिरीक्षकांच्या नोंदींवर उभी आहेत. गुप्त प्रकल्पांवरच्या सैनिकांच्या बाहीवरचे बिल्ले गोळा करून त्यांनी २००७ मध्ये एक पुस्तक केले. ते आधी हसवते. जे सांगायचे नाही त्याचाही बिल्ला शिवून मिरवावासा वाटतो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

इतरांकडे घाईने वळतो, कारण त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. एडमंड क्लार्क आणि क्रॉफ्टन ब्लॅक यांनी २०१६ मध्ये सीआयएच्या त्याच अपहरणांची कहाणी बिले आणि विमान कंपन्यांच्या पावत्यांतून मांडली. जेनी होल्झर यांनी काळ्या पट्ट्या ओढलेली सरकारी कागदपत्रे मोठ्या कॅनव्हासवर जशीच्या तशी रंगवली. मिश्का हेनर यांनी गूगलच्या उपग्रहचित्रांत डच सरकारने झाकलेल्या जागा जमवल्या: हिरव्या शेतांच्या मधोमध रंगीत बहुकोनी ठिगळे, इतकी सुरेख की भिंतीवर लावावीत. झाकल्यामुळेच त्या जागा उठून दिसतात, हा विनोद डच सरकारने फुकट पुरवला. लंडनच्या फॉरेन्सिक आर्किटेक्चर या गटाने २०१० पासून वास्तुशास्त्र थेट न्यायालयांत आणि चौकशी आयोगांपुढे नेले.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटू नये म्हणून थोडे मागे जातो. आपल्याकडे बंद दफ्तराभोवती घिरट्या घालण्याची परंपरा चांगली जुनी आहे. पेशवाई बुडाल्यावर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुण्यात कुलपाआड राहिले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या एखाद्याला आत डोकावता आले. इतिहाससंशोधक राजवाड्यांना ते दार उघडले नाही. राजवाडे मग गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, वाण्याच्या दुकानी रद्दीत जाऊ पाहणारे कागद त्यांनी मिळवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. सरकार जे दाखवत नाही त्याची दुसरी प्रत समाजात कुठेतरी पडलेली असते, ही जाण त्यामागे होती. पॅग्लन ज्यांच्या वह्यांवर विसंबतात ते हौशी लोक आणि राजवाड्यांना कागद देणारी घरे यांत मला फार फरक वाटत नाही. पुढे दफ्तर उघडले आणि १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्यातले ४५ खंड प्रसिद्ध केले. त्या दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. दयानिता सिंग यांचे ‘फाइल रूम’ (२०१३) हे छायाचित्रांचे पुस्तक चाळताना अशाच गाठोड्यांच्या भिंती दिसतात: फडताळे, शिड्या, गाठी आणि त्यांच्यात हरवलेला एखादा दफ्तरी. त्या चित्रांत कुलूप कुठेच नाही. तरी काही सापडेल असे वाटत नाही. लपवण्याचा हाही एक प्रकार, आणि आपल्या तालुका कचेरीत तोच जास्त चालतो.

कायद्याचा इतिहासही आपल्याला जवळचा आहे. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरसंबंधी एक गुप्त टिपण छापून सरकारचे पितळ उघडे पाडले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातला पहिला सरकारी गुपिते कायदा आला. व्हाइसरॉय कर्झनने १९०४ मध्ये तो आवळला आणि लष्करी गुपितांबरोबर मुलकी कारभारही त्याच्या कवेत घेतला. कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. तीनच वर्षांनी खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातला कीचक म्हणजे कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते आणि सरकारलाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. रूपक हे उघडे गुपित असते, त्यामुळे त्याला हा कायदा लावता येत नाही. सरकारला दुसरे हत्यार काढावे लागते.

सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा आजही लागू आहे, आणि या क्षेत्रात उतरणाऱ्या प्रत्येकाने तो मुळातून वाचावा. त्यात ‘रेखाचित्र’ या व्याख्येत छायाचित्र येते. प्रतिबंधित जागेत घुसणेच काय, देशाच्या हिताला बाधक हेतूने तिच्या जवळपास असणेही गुन्हा ठरू शकते, आणि हेतू सिद्ध करताना माणसाची वागणूक व परिस्थिती यांवरून अनुमान काढण्याची मुभा कायदाच देतो. संरक्षणाशी संबंधित ठिकाणांसाठी शिक्षा १४ वर्षांपर्यंत. नाशिकमध्ये ही कलमे पुस्तकात राहिलेली नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला परकीय हस्तकांना माहिती पुरवल्याच्या आरोपावरून राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने पकडले. त्याच महिन्यात देवळालीतल्या लष्करी भागाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर बाहेर पाठवल्याच्या आरोपावरून एका मजुराला अटक झाली. कॅमेरा हातात आहे म्हणून माणूस निष्पाप ठरत नाही, आणि पहारेकऱ्याचा संशयही दरवेळी खुळचट नसतो. कलेच्या नावाखाली हे झटकून टाकणाऱ्यांचे लेखन मला वाचवत नाही.

आणि तरीही देवळालीचेच दुसरे प्रकरण शेजारी ठेवावे लागते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सहायक’ पद्धतीवर, म्हणजे जवानांना अधिकाऱ्यांच्या घरची कामे करायला लावण्यावर, छुप्या कॅमेऱ्याने चित्रित केलेला वृत्तान्त आला. पत्रकार पूनम अगरवालच. रोख्यांच्या वर्षभर आधीच्या. चित्रणात दिसलेला एक जवान काही दिवसांनी मृतावस्थेत सापडला. पत्रकारावर सरकारी गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रद्द केला. कुत्रा फिरवायला नेणे, मुलांना शाळेत पोचवणे ही कामे शत्रूपासून लपवण्याची गरज कुणाला वाटावी? गुपित इथेही आपल्यापासूनच होते. पण एवढ्यावर थांबणे सोयीचे होईल. ज्या जवानाला आपण चित्रित होतो आहोत हे ठाऊक नव्हते, त्याचे काय? सरकारच्या गुप्ततेविरुद्ध लावलेला कॅमेरा स्वतः गुप्त असतो तेव्हा त्याचा भार बहुधा सर्वांत खालच्या माणसावर पडतो. या क्षेत्रातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याला न्यायालयाचा निकाल पुरत नाही. पॅग्लन यांची दुर्बीण ४२ मैलांवर असते, त्यामुळे तिच्यात कुणाचा चेहरा येत नाही. मी आता तिच्या धूसरपणाकडे या बाजूनेही पाहतो.

महाराष्ट्रात या तऱ्हेचे काम कलेच्या नावाने कुणी केले, असे विचारले तर दोन ठिकाणी बोट ठेवता येते. पहिले आनंद पटवर्धन. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी केलेला ‘जंग और अमन’ (२००२) स्फोटाचे गुपित फोडायला जात नाही. तो चाचणीक्षेत्राशेजारच्या गावात आणि जादूगोड्याच्या युरेनियम खाणींभोवतीच्या वस्त्यांत जातो. किरणोत्साराच्या आकड्यांवर पडदा असला, तरी आजारी गुरे आणि माणसे पडद्याबाहेरच राहतात. सेन्सॉरने सुचवलेली कापाकापी त्यांनी मान्य केली नाही आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयात जिंकून चित्रपट अखंड दाखवला. दुसरे ठिकाण मुंबईतला कॅम्प हा स्टुडिओ, शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेला. त्यांनी मँचेस्टरमध्ये २००८ साली सामान्य लोकांना सीसीटीव्हीच्या नियंत्रण कक्षात बसवले. पुढे कॉर्पोरेट लॉबिस्ट नीरा राडिया यांच्या टेप केलेल्या, नंतर फुटलेल्या दूरध्वनी संभाषणांवर ‘हम लोगोस’ हे काम रचले. देश त्या टेप्समध्ये कोण कुणाला मंत्री करतो आहे हे ऐकत होता. कॅम्पने त्या आवाजांना पटकथेसारखे ऐकायला लावले, लाडीगोडी, थबकणे, हसणे यांसकट. सरकार ऐकते हे तोवर सगळ्यांना कळले होते, पण इतके घरगुती आवाज ऐकते हे कळायला ते काम पाहावे लागले. २०२२ च्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’मध्ये उंच इमारतीवर बसवलेला एकच सीसीटीव्ही कॅमेरा क्षितिजावरून खाली झोपड्यांपर्यंत उतरत येतो. पाळतीचे यंत्र तेच, फक्त चालवणारा बदलला.

नाशिककरांना यात दादासाहेब फाळके आठवले तर मी अडवणार नाही. त्र्यंबकेश्वरच्या या माणसाने पुरातत्त्व खात्यात छायाचित्रणाचे काम केले होते, आणि १९१७ च्या सुमारास नाशिकमध्येच ‘चित्रपट कसा तयार करतात’ हे दाखवणारी एक चित्रफीतही काढली होती. आपल्याच धंद्याची गुपिते पडद्यावर उघडी करायला मोठे मन लागते. सरकारी खात्यांना ते आले असते तर आम्हाला हा विषयच मिळाला नसता.

नकाशांबद्दल मात्र दोन शब्द सावकाश लिहायला हवेत, कारण बारावीच्या भूगोलात स्थलनिर्देशक नकाशे हाताळलेला प्रत्येक विद्यार्थी या क्षेत्रात आधीच शिरलेला असतो. सीमावर्ती आणि किनारी भागांचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे कित्येक दशके सामान्य माणसाला मिळत नसत. २००५ च्या धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि एक खुली. त्याच वर्षी गूगल अर्थ आले आणि राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली. मग १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बरेच मोकळे केले, आणि संवेदनशील ठिकाणांबाबत एक मजेशीर तोडगा काढला: जागा नकाशात असू द्यावी, तिच्यावर ती काय आहे हे लिहू नये. देवळालीच्या माळाचे उपग्रहचित्र शाळकरी मुलगा मोबाइलवर पाहू शकतो. पाटी मात्र उभी आहे, आणि तिच्याशेजारून जाणाऱ्यालाच तेवढी लागू आहे. दुसरीकडे त्याच माळावर ‘तोफची’ नावाने तोफांचे प्रात्यक्षिक निमंत्रितांसमोर होते आणि त्याची चित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरहून तेजस मार्क-१ए ने पहिले उड्डाण केले तेव्हा संरक्षणमंत्री हजर होते आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरेही. म्हणजे बंदी छायाचित्रणावर नाही. कोणी काढायचे आणि कधी, यावर आहे. त्यात वावगे काहीच नाही असे कुणी म्हणू शकेल, आणि लष्कराच्या बाबतीत मी त्याच्याशी निम्मा सहमत होईन. उरलेल्या निम्म्याचा अभ्यास करायचा आहे.

या कलेवरचे आक्षेपही ठाऊक असावेत. एक असा की ती गुप्ततेला मोहक करते: रात्रीच्या आकाशातली उपग्रहाची रेघ, काळ्या पट्ट्यांचा देखणा कागद. आक्षेप खरा आहे. दालनात वाइनचा पेला घेऊन छळछावणीच्या पावत्या पाहणाऱ्यांना काय कळते, मला शंका आहे. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. अमेरिकन कलावंत कुंपणाबाहेर तिपाई मांडून उभा राहू शकतो, कारण पोलीस आले तर त्याच्याकडे पारपत्र, वकील आणि विद्यापीठ असते. आपल्याकडे कुंपणाला लागून राहतो तो शेतकरी, गुराखी, कंत्राटी मजूर. त्याने मोबाइल वर केला तर त्याला विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. म्हणून आपल्याकडची या क्षेत्रातली कामे कॅमेऱ्यापेक्षा कागदावर जास्त बेतलेली निघतील असे माझे भाकीत आहे, आणि त्यात कमीपणा नाही. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात नाशिकरोडच्या प्रेसमधली बाद झालेली यंत्रसामग्री तेलगीच्या हाती लागली ती फोटो काढल्याने नव्हे, भंगाराच्या लिलावातून. गुपित बाहेर पडायची खरी फाटके लिलाव, निविदा, ठेका, बढती, बदली ही आहेत, आणि त्यांचे कागद सार्वजनिक असतात.

तेव्हा नव्याने येणाऱ्याने लष्करी कुंपणाकडे पाठ करून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. आपल्या महापालिकेचा एखादा करार घ्या, धरणाच्या सुरक्षेचा अहवाल घ्या, रस्त्यावरच्या सीसीटीव्हीची निविदा घ्या. अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनाने महाराष्ट्राला केंद्राच्या आधीच माहितीचा कायदा मिळाला होता. २००५ चा केंद्रीय कायदा १९२३ च्या कायद्याच्या वरचढ आहे असे त्याचे २२ वे कलम सांगते. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आले तर उत्तम. नकार आला तर तो फाडू नका, कारण ७ व्या कलमाप्रमाणे नकाराची कारणे, अपील किती दिवसांत करायचे आणि कुणाकडे, हे सगळे त्या पत्रात लिहून देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. १० वे कलम सांगते की झाकण्याजोगा भाग झाकून उरलेले द्यावे. असा अर्धा झाकलेला कागद हाती आला तर तो आधी स्कॅन करा, मग वाचा. कोणत्या ओळी झाकल्या, त्यांच्या आधीचे आणि नंतरचे शब्द कोणते, पट्टी मार्करने ओढली की संगणकावर, सही कुणाची, शिक्का सरळ आहे की घाईत तिरका मारलेला, हे सगळे वहीत टिपून ठेवा. पहिल्या अपिलाला ३० दिवस असतात, आणि त्यातले पाच-सहा टपालातच जातात.